गार पुडा

हन्नाबाईंनी कोपरापर्यंत हात मिरचीच्या पोत्यात घातला आणि तळातली मूठ वर काढली. वरची मिरची सगळेच चांगली ठेवतात. देठ मोडला, कडकन वाजला. म्हणजे वजनासाठी पाणी मारलेलं नव्हतं. ओलं बोट सालीवर घासलं, रंग लागला नाही. धने, खोबरं, भाजलेली डाळ, सगळं एक नंबर. माल इतका चोख निघाल्यावर त्यांचा संशय दुप्पट झाला.

पोतं आणणारी ज्ञानेश्वरी मिरजगावची. टीव्हीच्या मालिकेत तीन वर्षं सोशिक सून होती. मालिका संपली, सोशिकपणा मोबाईलवर चालू राहिला. नऊ लाख लोक तिला रोज बघत. आता तिनं स्वतःचा येसर मसाला काढला होता आणि पुड्यावर पदर घेतलेला स्वतःचाच फोटो छापला होता. सहा महिने तिनं काही विकलं नाही. नुसती आईच्या चुलीपुढं बसून आमट्या केल्या, एकदा थोडी रडली. बायका विचारू लागल्या, ताई, मसाला कुठला? त्यावर ती आणखी महिनाभर गप्प राहिली. विचारणाऱ्या पुरेशा झाल्या, तेव्हाच पुडे छापायला टाकले. हे सगळं तिनं हन्नाबाईंना हसत हसत सांगितलं, लपवलं काहीच नाही.

"मग आजवर कुटला कुनी?" हन्नाबाईंनी विचारलं.

सुप्याला, एका कंपनीत. पण आजपासून काष्टीत, हन्नाबाईंच्या याच मसाला कुटायच्या डंकावर, असं ती म्हणाली. हन्नाबाईंची नजर आपोआप मशीनकडं गेली. चार मुसळांपैकी दोन गेल्या वर्षापासून बंद होती. तयार पुडे आल्यापासून गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. उरलं होतं ते एका गोष्टीवर: दुसऱ्या डंकावर बायका आपला मसाला होईपर्यंत शेजारी बसून राहतात, मूठभर इकडचा तिकडं जाऊ नये म्हणून. हन्नाबाईंकडं डबा ठेवून बाजाराला निघून जातात. अठरा वर्षं.

"मसाला कुठंही मिळतो, मावशी," ज्ञानेश्वरी म्हणाली, "तुमच्यासारखं माणूस मिळत नाही."

हन्नाबाईंनी एकच अट घातली. डोळ्यांनी बघितलंय तेवढंच बोलणार. ज्ञानेश्वरीला ती अट फार आवडली.

डबा ठेवायला आलेली गोजरबाई गंमत बघायला उंबऱ्यावर टेकली. तुमच्या ख्रिस्ती लोकांत खोटं बोलत न्हाईत म्हनत्यात, असं तिनं हन्नाबाईंना चिडवूनही घेतलं. ज्ञानेश्वरीबरोबर आलेल्या कल्याण नावाच्या पोरगेल्या माणसानं कॅमेरा उभा केला. मुसळं धाडधाड पडू लागली, लाल धुरळा उठला, तिघी शिंकल्या. तेही कल्याणनं घेतलं.

कुटून झाल्यावर लाईव्ह सुरू झालं. सहा हजार लोक बघत होते. हन्नाबाईंनी पदर सारखा केला आणि उखळाकडं बोट दाखवून ठरलेलं बोलल्या, की हा येसर मी कुटलाय, माल मी पारखलाय, भेसळ न्हाई. अगदी खरं. ज्ञानेश्वरीनं पिशवीतून एक चकचकीत पुडा काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या गालाला गाल लावून कॅमेऱ्याकडं पाहिलं.

हन्नाबाईंचे हात पुड्यावर थबकले. उखळातल्या येसराची अजून वाफ निघत होती.

"हा गार हाय," त्या म्हणाल्या.

"काय, मावशी?"

"डंकावरनं उतरलेला येसर हाताला चटका देतो. हा गार हाय. हा माझा न्हाई."

गोजरबाई उंबऱ्यावरून अर्धी उठली. ज्ञानेश्वरीला मात्र अर्धा क्षणसुद्धा लागला नाही. तिनं पुडा अलगद काढून घेतला आणि पडद्याकडं बघून डोळे मोठे केले.

"ऐकलंत? नुसत्या हातानं ओळखलं. हा कालच्या घाण्याचा होता. गरम भरला की मसाल्याला घाम सुटतो, म्हणून आपण रात्रभर गार करूनच भरतो. मावशींच्या हाताखालून काही सुटत नाही. लिंक खाली दिली आहे."

पडद्यावर लाल बदाम भराभर वर चढत गेले. हन्नाबाई काही बोलायला गेल्या, तोवर कल्याणनं बटण दाबलं होतं. साडेचारशे ऑर्डरी, तो म्हणाला.

ज्ञानेश्वरी हन्नाबाईंच्या पाया पडली. असं बोलणं लिहून घेतलं असतं तरी जमलं नसतं, म्हणाली. उखळातल्या येसराचं काय करायचं, असं हन्नाबाईंनी विचारलं.

"राहू द्या तुम्हालाच. पुडे सुप्याहूनच जातात."

ज्ञानेश्वरीची गाडी हायवेकडं वळली. दहा किलो गरम येसर कापडावर पसरून हन्नाबाई उभ्या राहिल्या. गोजरबाई ढिगाकडं बघत होती.

"एवढा सगळा तुला दिला?"

"मी मागितला न्हाई."

"व्हय. मी कुठं काय म्हनले." गोजरबाईनं चिमूटभर येसर बोटांत चोळून बघितला. "ते गारचं मात्र बरं जुळवलं दोघींनी."

हन्नाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली वाकून तिच्या डब्याला हात घातला. बाजार उठायला आला, जा, तोवर करून ठेवते, असं त्या म्हणाल्या.

"जाते की," गोजरबाई म्हणाली, आणि डब्याच्या झाकणावर हात ठेवून तिथंच बसून राहिली.