भिंतीतला खिळा

प्रार्थनाघराच्या दारापर्यंत माणसं उभी राहिलेली पाहून पाळकांची बायको धास्तावली. खुर्च्या कमी पडल्या की मिशन त्यांचं बिऱ्हाड नवी मंडळी जमवायला पुढच्या गावी हलवायचं. परदेशात आल्यापासून हीच वरात चालली होती. पाळक भिंतीत साधा खिळासुद्धा मारू देत नसत. "जायचंच आहे, उगाच भोकं कशाला?" म्हणून घड्याळ ट्रंकेवर टेकवलेलं असायचं. शेजारी बसलेल्या लेकीनं खुर्च्यांकडे बघत विचारलं, "आई, पुन्हा शाळा बदलायची?" शेवटचं गीत सुरू असतानाच ती लेकीचा हात धरून घरी आली. तिनं खिळा ठोकला, घड्याळ टांगलं आणि पावलं वाजताच हातोडी पाठीमागे लपवली. पाळक खुशीत आत आले आणि भिंत बघून थबकले. त्यांनी घड्याळ खाली उतरवलं. "खिळा वाकडा गेलाय," ते म्हणाले. "दे इकडे ती हातोडी."