एकेक ओळ

लांजीहून दुरुस्तीला आलेला पंपाचा कंट्रोलर पौर्णिमानं दुपारी लॅपटॉपला जोडला. प्रोग्राम कुठं अडकतो ते पाहायला ती एकेक ओळ चालवत होती. बटण दाबलं की एक ओळ पुढे, मग सगळं थांबलेलं.

आतल्या खोलीत सासू मैनाबाई तांदूळ पाखडत होती. बटण दाबलं की सूप एकदाच वाजायचं. पौर्णिमानं हात आखडला की आतही सामसूम.

"काहून थांबल्या, आई?"

उत्तर आलं नाही. तिनं बटण दाबलं.

"पोरी," आतून आवाज आला.

पुन्हा दाबलं.

"तुले बी..."

पुन्हा.

"असंच होते का?"

पौर्णिमाला भीतीसुद्धा वाटली नाही. तिनं बटण सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पडद्यावरची ओळ आपोआप पुढे सरकली, आणि हौ म्हटल्यासारखी पौर्णिमाची मान एकदाच हलली.