धूम्रराजाचा स्वभाव

नव्या व्हिडिओ गेममधला मुख्य खलनायक, धूम्रराज, अगदीच पोकळ आहे अशी खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली, तेव्हा गेम कंपनीचे प्रमुख जितेश सरांनी भर मीटिंगमध्ये खापर लेखिका हेमालीवर फोडलं. तिने लिहिलेली बाकी सगळी पात्रं त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली होती. फसलेलं तेवढं तिच्या नावावर ठेवलं होतं.

"महिनाभरात त्याला जरा स्वभाव दे. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

आचोळे गावातल्या आपल्या घरी हेमाली दातओठ खात लिहायला बसली. आता धूम्रराज शिपायांनी जिंकलेल्या किल्ल्यांवर स्वतःचं नाव कोरू लागला. ज्याचे वडील अखेरच्या घटका मोजत होते अशा पहारेकऱ्याला त्याने हसतहसत रजा नाकारली. मागच्या वर्षी सरांनी हेमालीला नाकारली होती, अगदी तशीच.

सुधारलेला गेम तुफान चालला. सत्काराच्या दिवशी कुणीतरी विचारलं, "इतका नीच माणूस सुचला तरी कुणाला?"

हेमाली उठायच्या आत जितेश सरांनी माइक ओढला. "त्या मुलीला काय विचारता? धूम्रराज नखशिखांत माझा आहे!"



सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती हेमालीने.