आजचा धोका

डेन्व्हरला लेकाकडे आल्यापासून दर शनिवारी हेच. अनीश बर्फावरून घसरायच्या स्कीज गाडीवर बांधतो आणि मी त्याला अडवायला दारात येते. आजही म्हटलं, "नको रे जाऊस. वरून बर्फाचा कडा सुटला तर?" तो हसला. "आई, यू वरी टू मच!"

तेवढ्यात माझी सून क्लेअर फोन बघत बाहेर आली. डोंगरावरच्या बर्फाचा अंदाज वाचायचं काम तिचं. "नॉट टुडे, अनीश. अ‍ॅव्हेलांच डेंजर इज हाय." बर्फाचा कडा कोसळायचा धोका मोठा, म्हणे. झालं! एका शब्दात स्कीज खाली.

मी देवापुढे जाऊन बसले, पण जपात मन लागेना. जन्म मी दिला आणि शब्द चालतो हिचा! देवासमोर असं मनात आणू नये, पण आलं खरं.

थोड्या वेळाने क्लेअर पाण्याचा पेला घेऊन आली, शेजारी टेकली आणि मोडक्यातोडक्या मराठीत कुजबुजली,



"आई, डेंजर लो आहे, त्याला सांगू नको. पण तो वर गेला की परत येईपर्यंत तू पाणीपण पीत नाही, आणि आज तुला ताप आहे."