समान संच

वसतिगृहाच्या शाळेत गणिताच्या बाईंनी उदाहरण घातलं. "यंदा तुम्हाला इथे भेटायला कोण कोण आलं, त्यांच्याशी असलेल्या नात्यांचा संच लिहा."

पहिल्या बाकावरची बडबडी लगेच उठली. "बाई, माझी आई दर रविवारी येते. मग आई, आई, आई असं किती वेळा लिहू?"

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या. "कोणी कितीदाही येवो, संचात एकदाच लिहायचं."

तिच्या शेजारची मुलगी वर्षभर मूग गिळून बसणारी. हे ऐकल्यावर तिने कोरी वही पुढे ओढली, कंसात एकच शब्द लिहिला आणि चक्क हात वर केला.

"हिच्या संचात आई, माझ्याही संचात आई. म्हणजे दोन्ही एकमेकांचे उपसंच. मग ते समानच झाले ना, बाई?"

"अगदी समान." पोरीला कंठ फुटला म्हणून बाईंना कोण आनंद झाला.

तास संपल्यावर ती वही छातीशी धरून बाईंच्या मागोमाग व्हरांड्यात आली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिने हळूच विचारलं,

"बाई, आई पहिल्या दिवशी मला इथे सोडायला आली होती. ती भेटायला आली असं धरलं तर चालेल ना?"