प्रितमची ओ

वर्षालीबाईंचा भाऊ प्रितम मासेमारीला गेला तो परतलाच नाही. कुणकेश्वरात तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेत नसे. बुडालेल्याला हाक मारायची नाही, अशी तिथली रीत. बाईंना ती कधीच पटली नव्हती.

त्या दुपारी शाळेच्या कॉम्प्युटरवर बाई मुलांना इजिप्तच्या राजांची थडगी दाखवत होत्या. भिंतीवर राजाचं नाव कोरलेलं होतं. "नाव घेणारं कुणी आहे तोवर माणूस मरत नाही, असं ते लोक मानत," बाई म्हणाल्या.

"मगे बाई, प्रितमदादाचा नाव घेतला तर?" उर्वशीने विचारलं.

दाराशी बसलेला शिपाई विठोबा ताडकन उठला. "बाईनू, नाव घेव नकात!"

"कित्याक नको? भाव माझो तो!" बाई उसळल्या आणि त्यांनी खणखणीत हाक मारली, "प्रितम!"

समुद्राच्या बाजूने बारीकशी ओ आली.

मुलं जागच्या जागी थिजली. विठोबाने धावत जाऊन खिडकी लावली. बाईंनी ती सताड उघडली आणि पुन्हा हाक मारली.

या खेपेला ओ खिडकीखालून आली, आणि ती एकट्याची नव्हती.