उतारावरची खुर्ची

“मंगलीबाई, ब्रेक पाहून घ्या,” लाइफ जॅकेटांचा ढीग आवरता आवरता बोटवाला राजदीप म्हणाला. “मागच्या रविवारी बी खुर्ची घसरली होती.”

“धरली ना मी.”

“धरली म्हणून बरं. उजवा ब्रेक तर तुटूनच गेला. दुरुस्त काऊन नाई करत?”

“गोपालभाऊले सांगीन,” मंगली म्हणाली.

सांगणार ती नव्हतीच. दिवाळीत उजवा ब्रेक तुटला तेव्हापासून तो तुटलेलाच राहावा, अशी तिची इच्छा होती.

नागभीडहून आरमोरीकडे जाताना हा तलाव लागतो. पूर्वी इथं धानाच्या पाण्यावरून भांडणं व्हायची, आता फोटोच्या जागेवरून होतात. पर्यटनवाल्यांनी लांबलचक धक्का बांधला, बोटी आणल्या, भज्यांचे ठेले लागले. चाकाची खुर्ची थेट बोटीत जावी म्हणून गुळगुळीत वाटही केली. गावात समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण जागेला नाव पडलं चौपाटी.

त्या वाटेवरून मंगली खुर्ची ढकलत निघाली. खुर्चीत देवाजी होता. एके काळी तो या तलावाचा पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी जायचं, ते त्याच्या शब्दावर ठरे. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो डावा हात. त्या हातानं तो रोज ताट उलथवून द्यायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मंगलीला कोणी शिकवायला नको होतं. ती पुन्हा भात कालवायची आणि घास घशाखाली उतरवूनच उठायची.

नागपूरहून आलेला त्याचा मुलगा गोपाल बरोबर चालत होता. “डॉक्टर म्हणते, दुसऱ्या कोणाच्या हातात बाबा वर्षभर बी टिकले नसते,” तो म्हणाला. “तुमच्यानं अजून दहा वर्सं जगतीन म्हणते.”

“जगाले पायजे,” मंगली म्हणाली.

गोपालनं तिला हात जोडले. या बाईचा नवरा याच तलावात गेला, हे त्याला ठाऊक होतं. मन असावं तर मंगलीसारखं, असं सारा गाव म्हणायचा. तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. सुडाशिवाय तिथं दुसरं काही उरलंच नव्हतं.

तिचा नवरा लच्छू ढीवर. तलावाचं पाणी शेतात सोडायचं जे दार, त्याला इकडं तुडूम म्हणतात. त्याच्या तोंडाशी गाळ अडकला की लच्छू बुडी मारून काढायचा. दार उघडण्याआधी पाणकरानं तीनदा हाक द्यायची, पाण्यातून हात वर आला तर थांबायचं, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. त्या पहाटे देवाजीनं हाक दिली नाही. देणार तरी कशी? पाळी दुसऱ्याची होती आणि तो पाणी चोरून आपल्या बांधीत सोडत होता. लच्छू नेमका खाली होता. ओढानं त्याला दारात खेचून नेलं.

“मी हाक देल्ली होती, त्याले ऐकूच गेली नाई,” असं देवाजीनं पंचनाम्यात सांगितलं. गावानं मान डोलावली. लच्छूचे कपडे मांडीवर घेऊन काठावर बसलेल्या मंगलीनं कसलीही हाक ऐकली नव्हती. तिला विचारतो कोण!

देवाजी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या सेवेला ती आपण होऊन आली.

गोपालचा फोन वाजला. बोलत बोलत तो ठेल्याकडे वळला. राजदीप एका कुटुंबाला जॅकेटं चढवत होता. मंगलीनं खुर्ची धक्क्याच्या अगदी टोकाला नेली. खुर्ची बोटीत उतरवायला तिथं उतार केला होता, त्यामुळं कठडा नव्हता. खाली दोन पुरुष पाणी होतं आणि समोर तुडूम दिसत होतं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. तिनं उरलेला डावा ब्रेक लावला आणि ती देवाजीच्या कानाशी वाकली.

“तुडूम उघडून राह्यलो हो,” ती हळूच म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा एकदा. “असं म्हणाचं होतं, भाऊ. एवढंच म्हणाचं होतं.”

देवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मंगलीला त्याची कणभर कीव आली नाही. उलट बरं वाटलं.

ती दोन पावलं मागे सरली आणि पाठ फिरवून पदर खोचू लागली.

खट्ट असा आवाज झाला. खुर्ची उताराला लागली. पुढची चाकं कडेशी पोचली, तोच मंगलीनं झेप घेऊन मागच्या मुठी धरल्या आणि सारा जोर लावून खुर्ची वर ओढली. देवाजीचा डावा हात सोडलेल्या ब्रेकच्या दांडीवर होता, दर रविवारी असायचा तसाच. तिनं तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, अंगावरची शाल सारखी केली आणि ब्रेक पुन्हा लावला.

“एवढ्यात नाई, भाऊ,” ती म्हणाली. “डॉक्टर दहा वर्सं म्हणते. चला, भजे खाऊन घ्या.”